ते उरलेलं कापड नव्हतं

लिंडेरवेल्ट, ७ डिसेंबर १९६३

आलेदा,

तुझं पार्सल वेळेवर पोचलं. पाच तारखेला, संत निकोलासच्या सणाच्या संध्याकाळी, गेरिटकडे सगळे जमलो होतो. प्रत्येकाने आपापलं पुडकं उघडलं, तू जुळवलेली यमकं मोठ्याने वाचून दाखवली, खूप हसले सगळे. याना तर आपल्या नवऱ्याला, गेरिटला, म्हणाली, "तुझी धाकटी बहीण बघ. घरात पडलेल्या चिंध्यांतून काय काय उभं करते! नाहीतर आपण." मग मी माझं पुडकं उघडलं. चहा गरम राहावा म्हणून किटलीवर घालायची टोपी. करड्या लोकरीची, वर आईच्या जांभळ्या झग्यातून कापलेलं फूल.

मी अजून नीट वाकू शकत नाही, तरी खुर्चीतून उठले. गेरिटच्या बिनबाह्यांच्या जाकिटाला हात लावून बघितलं. यानाची उशी बघितली, त्यांच्या पोरीची, मीनेकेची, पिशवी बघितली. सगळीकडे तेच कापड. बोलले असते तर ओरडले असते, आणि ओरडले असते तर ऑपरेशनचे टाके उसवले असते.

आता इथे स्वयंपाकघरात एकटी बसून लिहिते आहे, तेव्हा ओरडायला हरकत नाही.

मी एकवीस दिवस अल्मेलोच्या इस्पितळात होते. त्यातले दहा दिवस तू माझ्या घरी राहिलीस, कोंबड्यांना दाणे घातलेस, पाइप गोठू दिले नाहीस. त्याबद्दल मी तुझे आभार मानले आहेत, पुन्हा मानते. पण कपाट उघडायला तुला कोणी सांगितलं होतं? आईचे झगे कापलेस, ते एक वेळ ठीक. ती तुझीही आई होती. वरच्या फळीवरचे गिरणीतले तुकडे घेतलेस, तेही घे. मी दरवर्षी त्यातूनच सगळ्यांना काही ना काही शिवते, यंदा तू शिवलंस. पण खालच्या फळीवर, चादरींच्या मागे, पातळ कागदात गुंडाळून ठेवलेलं करडं कापड माझं होतं. ते कशासाठी होतं हे तुला सांगायला मी बांधील नाही.

ते तू का घेतलंस, एवढंच लिही.

ग्येशे

*

हार्लेम, ११ डिसेंबर १९६३

प्रिय ग्येशे,

तुझं पत्र वाउटरने माझ्याआधी उघडलं, न्याहारीच्या टेबलावर, आणि वाचून म्हणाला, "तुझ्या बहिणीला ऑपरेशनने फारच थकवलेलं दिसतंय." मीही तसंच समजते आहे आणि म्हणून रागावत नाही.

मला सांग, मी काय चोरी केली? घरात जे पडून होतं त्यातून घरातल्याच माणसांना भेटी शिवल्या. एकही तुकडा बाहेर गेला नाही. दहा दिवस मी तुझ्या त्या थंडगार घरात आईच्या पायमशीनवर बसून, सकाळी कोंबड्यांची घाण काढून दुपारी शिवत होते, तेही तुम्हा सगळ्यांना यंदा आईवाचूनचा पहिला सण जड जाऊ नये म्हणून. प्रत्येकाच्या भेटीत आईच्या एखाद्या झग्याचा तुकडा घातला आहे. तुला तेवढं दिसलं नाही?

करडं कापड म्हणतेस ते गिरणीच्या थानाचं उरलेलं टोकच होतं ना? तूच मला दाखवलं होतंस, तुला तिथे पंचवीस वर्षं झाली म्हणून त्यांनी दिलं होतं तेव्हा. सदोष माल, दोनशे गाठी होत्या म्हणालीस, तूच बसून काढल्या होत्यास. बरं, कागदात मला कापड नाही, नुसते सुटे तुकडेच दिसले. बाकीच्या तुकड्यांत आणि त्यांत मला काही फरक वाटला नाही. कळलं असतं तर हात लावला नसता.

सगळ्यांनी इतकं कौतुक केलं आणि एकटी तू तोंड फिरवून बसलीस. कधीकधी मला वाटतं, ग्येशे, की तुला कोणी काही दिलेलं सोसतच नाही. देणारी नेहमी तूच असायला हवी.

लवकर बरी हो. डॉक्टर लोणी खाऊ नकोस म्हणाले असतील, ते ऐक.

तुझी
आलेदा

*

लिंडेरवेल्ट, १५ डिसेंबर १९६३

आलेदा,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. शनिवारी मी काठी घेऊन गेरिटकडे गेले. ते लोक वाटाण्याच्या सुपावर बसले होते आणि गेरिटने ते जाकीट घातलं होतं.

मी म्हटलं, "काढ ते."

"काय काढू?"

"जाकीट."

"अगं जेवतोय मी!"

"जेव की. जाकिटाशिवाय जेवता येत नाही का तुला?"

याना म्हणाली, "ग्येशे, अगं, दिलेली वस्तू परत मागतात का? आणि दिली ती आलेदाने, तू नाहीस." गेरिटने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि जाकीट काढून दिलं. सूप सांडलेला डाग आहे त्यावर. मग यानाची उशी घेतली, आतला कापूस तिथेच तिच्या टेबलावर काढून ठेवला. मीनेकेने पिशवी स्वतःच आणून दिली आणि रडली. त्या पोरीचं मला वाईट वाटलं, तिला मी दुसरी शिवून देईन. बाकी कोणाचं वाटलं नाही.

घरी येऊन सगळं उसवलं. अख्खा रविवार गेला त्यात, चर्चलाही गेले नाही. माझी टोपीसुद्धा उसवली. सगळे तुकडे टेबलावर मांडले.

आलेदा, मी सव्वीस वर्षं गिरणीत हेच करते. मागावरून उतरलेलं कापड उजेडात धरायचं, तुटलेली तार शोधायची, चुकलेला धागा सुईने भरायचा आणि चिठ्ठीवर दोष लिहायचा. मला कापड वाचता येतं. तुला वाटलं मी टोपी किटलीवर घालीन आणि गप्प बसेन?

गेरिटच्या जाकिटाची पाठ म्हणजे माझ्या कोटाची पाठ आहे. मी खडूने मध्यरेषा काढली होती, ती अजून आतून दिसते. यानाच्या उशीच्या दोन बाजू म्हणजे माझे दोन पुढचे भाग, उजव्या बाजूला छातीवरची चुणी मी घातलेली होती, ती तू उलगडून इस्त्री मारून सपाट केलीस. पण सुईची भोकं इस्त्रीने बुजत नाहीत. मीनेकेच्या पिशवीचा तळ माझी कॉलर. आणि माझ्या टोपीत, मला पाठवलेल्या टोपीत, माझी बाही. खांद्याजवळची गोलाई तशीच ठेवून तू तिची टोपी केलीस, कारण गोलाई आयतीच मिळाली.

तू लिहितेस सुटे तुकडे होते. हो, होते. बेतलेले होते. प्रत्येकावर कागदी नमुना टाचणीने लावलेला होता आणि नमुन्यावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं: "बाही, डावी." "बाही, उजवी." "पाठ." कच्चे टाकेसुद्धा घातलेले होते, पांढऱ्या दोऱ्याने. ते तू एकेक करून काढलेस, एकही दोरा राहू दिला नाहीस. ज्याला चिंध्या वाटतात तो माणूस इतक्या काळजीने कच्चे टाके काढत बसत नाही.

बाई आपल्यासाठी कोट शिवते आहे हे तुला दिसत होतं. तरी तू कात्री चालवलीस. का?

आणि वाउटरला सांग, माझी पत्रं माझ्या बहिणीच्या नावावर येतात.

ग्येशे

*

हार्लेम, २२ डिसेंबर १९६३

ग्येशे,

आठवडाभर उत्तर लिहायला घेते आणि ठेवून देते. यानाने मला पत्र लिहून सगळा तमाशा कळवला. भरल्या ताटावरून भावाच्या अंगावरचे कपडे उतरवायचे! गावात लोक काय म्हणत असतील?

ठीक आहे. तू एवढं कोर्टात उभं केल्यासारखं विचारतेसच, तर सांगते. हो, मला कळलं होतं ते काय आहे. कोट आणि झगा, हलका करडा, पन्नाशी उलटलेल्या बाईचा. अशा रंगाचा जोड आपल्याकडे एवढ्या वयाच्या बायका लग्नासाठी शिवतात हे मला समजतं. आणि कोणासाठी, तेही मला ठाऊक आहे. लपवून ठेवलंस असं तुला वाटतं, पण आईने मला केव्हाच सांगितलं होतं. गिरणीतला तो माग-मिस्त्री, लान्सिंक. विधुर, दोन मोठे मुलगे, आणि कॅथलिक.

आईला जाऊन तीन महिने झाले नव्हते, ग्येशे. तीन महिने! तिने सगळी हयात त्या एका चर्चच्या एका बाकावर काढली. वडिलांचा शब्द तुला आठवतो ना, पोपच्या माणसाला उंबरठा ओलांडू देणार नाही म्हणून? वाउटर प्रॉटेस्टंट शाळेचा मुख्याध्यापक आहे. त्याच्या मेव्हणीने असं केलं तर शाळेच्या मंडळासमोर त्याने कोणत्या तोंडाने बसायचं? तू एकटी नाहीस जगात. तुझ्या मागे घर आहे.

मला तो कोट बघून संताप आला. कात्री हातात होतीच. मी चुकले असेन, पण वाईट हेतूने काही केलं नाही. तू शांतपणे विचार कर. दोन वर्षांपूर्वी त्या माणसाने स्वतःच शहाणपणाने पाय मागे घेतला होता. आताही घेईल. मग तू कुठे राहशील?

नाताळच्या शुभेच्छा, तुला नको असल्या तरी.

आलेदा

*

लिंडेरवेल्ट, २४ डिसेंबर १९६३

आलेदा,

वाउटरच्या शाळेचं नंतर बघू. आधी एकच सांग.

दोन वर्षांपूर्वी तेओ लान्सिंक यायचा बंद झाला, हे तुला कसं माहीत? मी कोणालाच सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही. तिला एवढंच वाटलं असेल की अंडी न्यायला येणारा माणूस हल्ली येत नाही. आई गेल्यावर तो परत आला तेव्हाही मी कारण विचारलं नाही आणि त्यानेही तो विषय काढला नाही. आणि "शहाणपणाने" म्हणजे काय? त्याला शहाणपण कोणी शिकवलं?

उलट टपाली उत्तर हवं.

ग्येशे

*

लिंडेरवेल्ट, ४ जानेवारी १९६४

आलेदा,

अकरा दिवस झाले. मी रोज टपालवाल्याला फाटकाशी गाठते, त्यालाही आता माझी भीती वाटायला लागली आहे. तू लिहिलं नाहीस तर मी हार्लेमला येईन. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय, तरी येईन, आणि तुझ्या दिवाणखान्यात, तुझ्या पाहुण्यांसमोर विचारीन.

ग्येशे

*

हार्लेम, ९ जानेवारी १९६४

ग्येशे,

येऊ नकोस. लिहिते.

मे १९६१ मध्ये मी आठ दिवस तुमच्याकडे आले होते ते आठव. तू दिवसभर गिरणीत असायचीस. आईचा उजवा हात तेव्हा गेलेलाच होता. एक दिवस तिने मला पलंगाशी बोलावलं, म्हणाली, "दार लाव. कागद घे." मला वाटलं मृत्युपत्र वगैरे असेल. तिने पत्र सांगितलं आणि मी लिहिलं. लान्सिंकला. चारच ओळी होत्या. "मी नीट विचार केला आहे. आपल्या दोघांचं जमण्यासारखं नाही. यापुढे घरी येऊ नये आणि गिरणीत माझ्याशी बोलू नये. कारण विचारू नये." मी विचारलं, "सही कोणाची करू?" आई म्हणाली, "जिची करायला हवी तिची." मी तुझं नाव लिहिलं. टपालात मीच टाकलं, स्टेशनवर जाताना.

सगळं आईवर ढकलता आलं असतं. ती आता काही बोलायला येणार नाही. पण गेले पंधरा दिवस मी हा कागद पुढे घेऊन बसते आणि मला ते जमत नाही. म्हणून उरलेलंही सांगते, एकदाच, पुन्हा विचारू नकोस.

मी नाही म्हणू शकले असते. आईच्या हातात पेन धरण्याची ताकद नव्हती, मी न लिहिलं तर कोण लिहिणार होतं? गेरिटला तिने सांगितलं नसतं. मी लिहिलं, कारण ती बोलत असताना माझ्या डोक्यात एकच चालू होतं: ग्येशे लग्न करून गेली तर आई माझ्याकडे येईल. तिचं शौचाचं भांडं, तिचं भरवणं, तिचे टोमणे, पहाटे पाचला ती भिंतीवर काठी आपटते ते. मला ते नको होतं. आठ दिवसांत माझा जीव मेटाकुटीला आला होता आणि तू नऊ वर्षं करत होतीस, आणखी करशील, असं मी धरूनच चालले होते. धर्माचं, वडिलांच्या शब्दाचं मी तुला लिहिलं ते खोटं नाही, पण ते नंतरचं. आधी हे.

आता कोटाचं. नोव्हेंबरमध्ये खरंच उशीचे अभ्रे शोधायला मी खालची फळी उघडली. कागद सोडला. "बाही, डावी" वाचलं. आणि मला कळलं की तो परत आला आहे. लग्न झालं की पहिल्याच आठवड्यात तो तुला विचारणार, "ते पत्र का लिहिलं होतंस?" आणि तू म्हणणार, "कुठलं पत्र?" मी भानावर आले तेव्हा एक बाही मधोमध कापून झाली होती.

मग थांबायला हवं होतं. पण एक कापलेली बाही लपवायची कशी? सगळंच कापलं तर ते उरलेलं कापड दिसेल, असं वाटलं. सगळ्यांना भेटी शिवल्या की मी दिलदार ठरेन आणि कोणी विचारणार नाही. रोज शिवायला बसायचे आणि रोज मनाला समजवायचे की हे आईच्या आठवणीसाठी चाललंय. तिसऱ्या दिवशी तर मला ते खरंही वाटायला लागलं होतं.

वाउटरला पत्राचं काही माहीत नाही.

आलेदा

*

लिंडेरवेल्ट, २ फेब्रुवारी १९६४

आलेदा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी वाचलं आणि जाऊन कोंबड्यांचं खुराडं धुतलं. उणे चार होतं, पाणी ओततेय तिथेच गोठत होतं. पण हाताला काही तरी मारायला हवं होतं, आणि तू दीडशे किलोमीटरवर होतीस.

मे १९६१ ते ऑगस्ट १९६३. सव्वादोन वर्षं. रोज सकाळी मी त्या बाईला लापशी भरवली. तोंड पुसलं. तिची पाठ चोळली, जखमा होऊ नयेत म्हणून. आणि ती माझ्याकडे बघून विचारायची, "ग्येशे, हल्ली तू इतकी गप्प का असतेस?" विचारायची, आलेदा! त्याच तोंडाने. मी म्हणायचे, "काही नाही आई, दमले." मला तिच्या थडग्यावर जाऊन हे सगळं ओरडून विचारायचं होतं. गेलेही. तिथे माळी खोदत होता, त्याने टोपी काढून नमस्कार केला, म्हणून परत आले.

तू मात्र जिवंत आहेस, म्हणून तुला विचारते. तू म्हणतेस तुला ते नको होतं. मला हवं होतं का? मला कोणी विचारलं? तू एकदा, एकदाच, लिहिलं असतंस की "ग्येशे, मला आईला सांभाळायला जमणार नाही, भीती वाटते", तर मी गेरिटशी बोलले असते, एखादी बाई ठेवली असती, तेओ आमच्या घरी येऊन राहिला असता. काही तरी निघालं असतं. तू माझं नावच उचललंस आणि वापरलंस. कापडाचं मी सोडून देईन एक वेळ. पण नावाचं नाही.

आता ऐक, तुला वाटतं तेवढ्यावर हे संपत नाही.

मी तुझं पत्र तेओच्या हातात दिलं. त्याने दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पुसत बसला. मी म्हटलं, "बघ, मी लिहिलंच नव्हतं ते."

तो म्हणाला, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"अक्षर तुझं नव्हतं. बारा वर्षं मी तुझ्या दोषांच्या चिठ्ठ्या वाचतोय, ग्येशे. 'सात नंबरचा माग, डावीकडची तार ढिली.' तुझा सात मला झोपेतही ओळखू येईल. ते पत्र तुझं नव्हतं हे मला पाकीट बघूनच कळलं."

मला आधी समजलंच नाही तो काय म्हणतोय. मग समजलं. मी विचारलं, "मग आला का नाहीस? दारात उभं राहून विचारलं का नाहीस?"

तो खाली बघत म्हणाला, "फादर घरी येऊन गेले होते. मुलगे बोलत नव्हते माझ्याशी. मला वाटलं, चला, नकार तिच्याकडून आला, बरं झालं. मला सांगावं लागलं नाही."

त्याला मी घराबाहेर काढलं. टोपी टेबलावर राहिली होती, ती खिडकीतून फेकली. तुला बरं वाटेल ऐकून. तू चार ओळी लिहिल्यास आणि त्याने त्या चार ओळींच्या मागे लपून घेतलं. आई, तू आणि तो, तिघांनी मिळून माझा निकाल लावला, आणि मी मधल्यामध्ये लापशी भरवत होते.

आठ दिवस तो रोज आला, मी दार उघडलं नाही. फाटकाशी उभा राहायचा, दिवसाउजेडी, सगळ्या गल्लीच्या देखत. समोरची म्हातारी पडदा बाजूला करून खुर्ची टाकूनच बसली. पाचव्या दिवशी गेरिट आला आणि त्याला म्हणाला, "अरे गोठून मरशील." तो म्हणाला, "मरू दे. आधी आलो असतो तर उन्हाळा होता." गेरिट घरात येऊन मला म्हणाला, "ग्येशे, माणूस मूर्ख आहे, पण उभा आहे." मी त्यालाही हाकललं.

नवव्या दिवशी मी दार उघडलं. त्याला माफ केलं म्हणून नाही. मी बावन्न वर्षांची आहे. राग उतरायची वाट बघत बसले तर माझं आयुष्य संपेल. लग्न केलं तरी राग धरता येतो, दोन्ही एकाच घरात मावतात, असं मी ठरवलं. त्याला तसं सांगितलंही. तो म्हणाला, "चालेल." मग मी त्याला गेरिटच्या घरी नेलं आणि याना, गेरिट, मीनेके सगळ्यांसमोर त्याला सांगायला लावलं, पत्राचं, अक्षराचं, फादरचं, सगळं. कानापर्यंत लाल झाला होता. पण बोलला.

तू अजून बोललेली नाहीस. मला लिहिलंस, ते वेगळं.

ग्येशे

*

हार्लेम, १० फेब्रुवारी १९६४

प्रिय ग्येशे,

सोबत पार्सल पाठवते आहे. ॲमस्टरडॅमच्या चार दुकानांत फिरले. तशीच लोकर मिळाली नाही, पण रंग फार जवळचा आहे, चार मीटर आहे, आणि एकही दोष नाही. तुझ्या मापाने मी शिवून देऊ का? की तुलाच शिवायचं आहे? तू म्हणशील तसं.

वाउटरला मी सांगितलं. दोन दिवसांनी तो म्हणाला, "मंडळाला मी बघून घेईन." एवढंच.

आलेदा

*

लिंडेरवेल्ट, १७ फेब्रुवारी १९६४

आलेदा,

पार्सल न उघडता परत पाठवते आहे. मीनेकेला पिशवी हवी आहे, पाठवायचं तर तिला काही पाठव. मला कापडाच्या बदल्यात कापड नको.

ग्येशे

*

लिंडेरवेल्ट, ३ मे १९६४

आलेदा,

बुधवारी, २९ एप्रिलला लग्न झालं. नगरभवनात. आपल्या पाद्र्याने आशीर्वाद दिला नाही आणि त्याच्या फादरनेही नाही, त्या एका बाबतीत दोन्ही चर्चांचं एकमत झालं. मी अल्मेलोच्या दुकानातून तयार निळा कोट घेतला. खांद्यात थोडा घट्ट आहे, बाकी बरा आहे. गेरिटने साक्षीदार म्हणून सही केली आणि सही करण्याआधी एकदा मागे वळून बघितलं, वडील खोलीत उभे असल्यासारखं. तेओचा धाकटा मुलगा आला, थोरला आला नाही. गिरणीतल्या माझ्या विभागातल्या बायका दुपारच्या सुट्टीत धावत आल्या, अंगावर सगळा लोकरीचा भुसा, तशाच फोटोत उभ्या राहिल्या.

तू आली नाहीस. मी बोलावलं नव्हतं, तेव्हा तक्रार नाही. पण नगरभवनाच्या पायऱ्या उतरताना मी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं, हे तुला सांगते. का बघितलं ते मला विचारू नकोस. बघितलं आणि माझा मलाच राग आला.

त्यानंतर चार दिवस विचार करते आहे. तुझी तीन पत्रं आली, मार्चमध्ये दोन आणि एप्रिलमध्ये एक. तिन्हींत तू माझी माफी मागितली आहेस. सुंदर पत्रं आहेत, तुला लिहिता येतंच. पण त्या मे महिन्यात तू पत्र त्याला लिहिलं होतंस. माफी मात्र अजून त्याच्याकडे गेलेली नाही. तो भित्रा होता हे खरं, त्याचा हिशेब माझा मी करते आहे, तुला त्यात पडायचं कारण नाही. तुझा हिशेब वेगळा आहे. आणि तो कागदावर मी घेणार नाही. तुझे कागद मला पुरे झाले.

सोळा मेला शनिवार आहे. ये. वाउटर नको, पार्सल नको, केक नको. मी अजून रागावलेली आहे आणि तुझ्या येण्याने तो राग जाईल असं समजू नकोस. मी टेबलाशी बसेन, कॉफी ओतेन, तू इस्पितळाच्या दिवसांत घराची काळजी घेतलीस त्याबद्दल कदाचित पुन्हा आभारही मानीन. पण ते घरात आल्यावर.

गाडी अकरा चाळीसला येते. स्टेशनवर मी घ्यायला येणार नाही. तेओ येईल. राखाडी टोपी, थोडा वाकलेला, तू त्याला कधी बघितलेलं नाहीस, पण तो तुला ओळखेल, आपलं नाक एकच आहे म्हणतो. स्टेशनपासून घरापर्यंत चालत पंचवीस मिनिटं लागतात. तो स्वतःहून काही विचारणार नाही. मी फाटकाशी उभी असेन, आणि तुम्ही दोघं फाटकाशी पोचाल तेव्हा तुझं सांगून झालेलं असलं पाहिजे.

ग्येशे लान्सिंक